शिरेवाटे पोषण आणि मत्स्यतेल : शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांची आतडी काही काळ अन्न स्वीकारू शकत नाहीत, त्यांना शिरेवाटे पूर्ण पोषण द्यावे लागते. या पोषणातील स्निग्ध घटक दीर्घकाळ केवळ ऊर्जेचा स्रोत मानला जात असे. तेलाच्या प्रकारानुसार शरीरातील दाहप्रक्रियेचे स्वरूप बदलू शकते, हे लक्षात आल्यानंतर सोयाबीन तेलाच्या जोडीने मत्स्यतेलाचा वापर सुरू झाला. प्रस्तुत लेखात या बदलामागील जीवरसायन, आजवरच्या चाचण्यांचा पुरावा आणि त्या पुराव्याच्या मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : शिरेवाटे पोषण, मत्स्यतेल, ओमेगा-३ मेदाम्ले, दाह, शस्त्रक्रियोत्तर जंतुसंसर्ग.

१. प्रस्तावना

आजारी माणसाला अन्न कसे द्यावे, हा वैद्यकातील अतिशय जुना प्रश्न आहे. तोंडाने खाता येत नसेल तर नाकातून जठरापर्यंत नळी घालून अन्न देता येते. परंतु आतडेच निकामी झाले असेल, त्याला छिद्र पडले असेल किंवा त्याचा मोठा भाग काढून टाकावा लागला असेल, तर हा मार्गही बंद होतो. अशा वेळी अन्नघटक थेट रक्तात सोडणे एवढाच उपाय उरतो.

सर्वसामान्यांच्या समजुतीप्रमाणे 'सलाईन चालू आहे' म्हणजे रुग्णाचे पोट भरते आहे. वस्तुस्थिती तशी नाही. पाच टक्के ग्लुकोजच्या एक लिटर द्रावणात अवघी ५० ग्रॅम साखर असते आणि त्यातून सुमारे २०० किलोकॅलरी एवढीच ऊर्जा मिळते. मोठ्या शस्त्रक्रियेतून उठणाऱ्या प्रौढ व्यक्तीची गरज याच्या कित्येक पट असते. ती पूर्ण करावयाची तर प्रथिनांसाठी अमिनो आम्ले, कर्बोदकांसाठी ग्लुकोज, स्निग्धांसाठी तेल आणि यांच्या जोडीला क्षार, जीवनसत्त्वे व सूक्ष्म मूलद्रव्ये असा संपूर्ण आहार शिरेतून द्यावा लागतो. यालाच पॅरेंटरल न्यूट्रिशन अर्थात शिरेवाटे पोषण असे म्हणतात. या आहारातील तेल कोणते असावे, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न गेल्या काही दशकांत महत्त्वाचा ठरला आहे.

२. शिरेवाटे पोषणाची वाटचाल

शिरेतून तेल देणे ही गोष्ट सोपी नव्हती. तेल रक्तात मिसळत नाही; त्याचे मोठे थेंब फुप्फुसातील केशवाहिन्यांत अडकून रुग्ण दगावू शकतो. अमेरिकेत सरकीच्या तेलापासून बनविलेले एक पायस काही काळ वापरात होते; परंतु त्याच्या घातक दुष्परिणामांमुळे १९६० च्या दशकात ते मागे घ्यावे लागले. त्याच दशकाच्या आरंभी स्वीडनमधील संशोधक आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीन तेल आणि अंड्याच्या बलकातील फॉस्फोलिपिड यांपासून 'इंट्रालिपिड' हे सुरक्षित पायस तयार केले. अमेरिकेत त्याला मान्यता मिळण्यास मात्र १९७५ साल उजाडले.

दरम्यान अमेरिकेत वेगळ्या दिशेने प्रयत्न चालू होते. फिलाडेल्फिया येथे स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र ग्लुकोज व प्रथिनद्रावण हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत सोडण्याची पद्धत विकसित केली. बीगल जातीच्या कुत्र्याच्या पिल्लांची वाढ केवळ शिरेवाटे पोषणावर होऊ शकते, हे त्यांनी दाखविले. १९६८ मध्ये, आतड्याच्या जन्मजात दोषामुळे अन्न घेऊ न शकणाऱ्या एका बालिकेचीही या मार्गाने वाढ होऊ शकते, हे प्रसिद्ध झाले. शिरेवाटे पोषणाचे आधुनिक युग येथून सुरू झाले असे मानले जाते.

नव्या तंत्राविषयीचा उत्साह पुढे बराच वाढला. त्याला शिस्त लावणारा एक महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झाला आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या शस्त्रक्रियेस सामोरे जाणाऱ्या ३९५ कुपोषित रुग्णांचा त्यात समावेश होता. शिरेवाटे पोषण मिळालेल्या गटात जंतुसंसर्गाचे प्रमाण १४.१ टक्के, तर दुसऱ्या गटात ते ६.४ टक्के आढळले. याउलट तीव्र कुपोषित रुग्णांत संसर्गाव्यतिरिक्त होणारी गुंतागुंत या पोषणामुळे ४३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. एकच उपाय एका रुग्णाला तारक आणि दुसऱ्याला मारक ठरू शकतो, हा या अभ्यासाचा धडा मत्स्यतेलाचा विचार करतानाही उपयोगी पडतो.

३. पायसाची रचना

पायस म्हणजे एका द्रवात दुसऱ्या, न मिसळणाऱ्या द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब तरंगत ठेवणे. दूध हे त्याचे नित्य परिचयातील उदाहरण होय. शिरेवाटे द्यावयाच्या पायसात तेलाच्या थेंबाचा सरासरी व्यास अर्ध्या मायक्रॉनपेक्षा कमी ठेवावा लागतो. जेवणानंतर आतड्यातून रक्तात येणाऱ्या नैसर्गिक स्निग्ध कणांशी हे थेंब आकाराने मिळतेजुळते असतात. अंड्यातील फॉस्फोलिपिड या थेंबांभोवती आवरण तयार करून त्यांना एकमेकांत विलीन होऊ देत नाही, तर ग्लिसरॉलमुळे द्रावणाचा परासरण दाब रक्ताच्या जवळपास येतो. अशा वीस टक्के पायसाच्या प्रत्येक मिलिलिटरमधून सुमारे दोन किलोकॅलरी मिळतात.

थोड्या आकारमानात अधिक ऊर्जा देणे आणि शरीर स्वतः तयार करू शकत नाही अशी आवश्यक मेदाम्ले पुरविणे, ही दोन कामे सोयाबीन तेल उत्तम रीतीने करते. परंतु त्यातील निम्म्याहून अधिक भाग लिनोलेइक आम्ल या एकाच ओमेगा-६ मेदाम्लाचा असतो. मूळ अडचण येथेच आहे.

४. ओमेगा-६ आणि ओमेगा-३ : दाहाचे रसायन

मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची साखळी. या साखळीच्या शेवटच्या टोकाकडून मोजू लागल्यास पहिला दुहेरी बंध तिसऱ्या कार्बनवर असेल तर ते ओमेगा-३, आणि सहाव्या कार्बनवर असेल तर ओमेगा-६ मेदाम्ल होय. या जागांवर दुहेरी बंध निर्माण करण्याची क्षमता मानवी शरीरात नाही. त्यामुळे दोन्ही कुळांतील मूळ मेदाम्ले बाहेरूनच मिळवावी लागतात. अशा मेदाम्लांची आवश्यकता जॉर्ज व मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिली होती.

आहारातील मेदाम्ले पेशींच्या आवरणात जाऊन बसतात. ओमेगा-६ कुळातील लिनोलेइक आम्लापासून ॲराकिडोनिक आम्ल बनते. त्यात २० कार्बन व ४ दुहेरी बंध असतात. माशांच्या तेलातील आयकोसापेंटानोइक आम्ल (संक्षेपाने ईपीए) हे त्याचेच जणू भावंड आहे. त्यातही २० कार्बन, पण दुहेरी बंध ५ असतात. पेशीला इजा झाली की ही आम्ले आवरणातून सुटी होतात आणि त्यांच्यावर त्याच एन्झाइमांची क्रिया होते. ॲराकिडोनिक आम्लापासून तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन्स व ल्यूकोट्राइन्स ही दाह, ताप, वेदना आणि रक्तवाहिन्यांचे आकुंचन-प्रसरण यांत मोठी भूमिका बजावतात. ईपीएपासून तयार होणारी तत्सम रसायने तुलनेने कितीतरी सौम्य असतात. प्रोस्टाग्लँडिन्सवरील मूलभूत संशोधनासाठी बर्गस्ट्रॉम, सॅम्युएल्सन आणि व्हेन यांना १९८२ चा नोबेल पुरस्कार मिळाला, यावरून या विषयाचे महत्त्व ध्यानात येते.

तथापि दाह हा सर्वस्वी शत्रू आहे असे समजणे चुकीचे ठरेल. जखम भरून येण्यासाठी आणि जंतूंचा नाश होण्यासाठी दाह आवश्यकच असतो. तो प्रमाणाबाहेर वाढणे किंवा वेळेवर न शमणे हा खरा धोका होय. यापूर्वी दाह आपोआप ओसरतो असे मानले जाई. चार्ल्स सर्हान आणि सहकाऱ्यांच्या २००० नंतरच्या संशोधनातून असे दिसून आले की दाह शमविणे ही देखील शरीराची एक सक्रिय प्रक्रिया आहे आणि त्यासाठी लागणारी 'रिझॉल्व्हिन' आदी रसायने ईपीए व डोकोसाहेक्सानोइक आम्ल (डीएचए) या ओमेगा-३ मेदाम्लांपासूनच तयार होतात.

शस्त्रक्रियेच्या संदर्भात हा मुद्दा अधिक ठळक होतो. मोठ्या इजेनंतर शरीरात आधी चयापचय मंदावण्याची आणि नंतर तो वेगाने वाढण्याची अवस्था येते, असे डेव्हिड कथबर्टसन यांनी १९४२ मध्ये मांडले होते. दुसऱ्या अवस्थेत स्नायूंतील प्रथिने झिजतात आणि रक्तातील साखर वाढते. या काळात रुग्णाला केवळ सोयाबीन तेल दिल्यास दाह वाढविणाऱ्या रसायनांचा कच्चा माल मुबलक पुरविला जातो, असा आक्षेप पुढे आला.

५. मत्स्यतेलाचा प्रवेश

माशांच्या तेलाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले ते ग्रीनलँडमधील इनुइट लोकांच्या आहारामुळे. डॅनिश संशोधक हान्स ओलाफ बँग आणि यॉर्न डायरबर्ग यांनी १९७० च्या दशकात त्यांच्या रक्तातील स्निग्ध घटकांचा अभ्यास केला आणि सागरी आहारातील ओमेगा-३ मेदाम्लांचा संबंध हृदयविकाराच्या कमी प्रमाणाशी जोडला. हृदयविकार खरोखरच तेथे कमी होता का, याविषयी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुनर्विलोकनाने गंभीर शंका उपस्थित केली, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. आकर्षक गृहीतक आणि सिद्ध झालेले सत्य यांत अंतर असते, याचे हे उदाहरण होय.

शिरेवाटे देण्याचे शुद्ध मत्स्यतेलाचे दहा टक्के पायस 'ओमेगावेन' या नावाने १९९८ मध्ये जर्मनीत उपलब्ध झाले. पुढे मिश्र तेलांची पायसे आली. त्यांपैकी 'स्मॉफलिपिड' या पायसात सोयाबीन तेल ३० टक्के, मध्यम लांबीच्या साखळीचे स्निग्ध ३० टक्के, ऑलिव्ह तेल २५ टक्के आणि मत्स्यतेल १५ टक्के असते. अमेरिकेत त्याला प्रौढ रुग्णांसाठी २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

या तेलाच्या सामर्थ्याचा सर्वांत ठळक प्रत्यय मात्र प्रौढ शस्त्ररुग्णांत नव्हे, तर तान्ह्या बालकांत आला. आतड्याचा मोठा भाग नसलेल्या बालकांना महिनोन्‌महिने सोयाबीन तेलावर आधारित पोषण दिल्यास पित्त साचून यकृत निकामी होऊ शकते. सोयाबीन तेलातील वनस्पतिजन्य स्टेरॉल्स यास अंशतः कारणीभूत असावेत असे मानले जाते. बोस्टन येथील कॅथलीन गुरा, मार्क पुडर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा दोन बालकांचे यकृत मत्स्यतेलावर आणल्यानंतर सुधारल्याचे प्रसिद्ध केले. याच उपयोगासाठी अमेरिकेत २०१८ मध्ये ओमेगावेनला मान्यता मिळाली.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. महाराष्ट्रात अनेक पिढ्यांना परिचित असलेले कॉडलिव्हर तेल हे माशाच्या यकृताचे तेल असून ते अ आणि ड जीवनसत्त्वांसाठी तोंडावाटे घेतले जाते. शिरेवाटे देण्याच्या पायसातील तेल अत्यंत शुद्ध केलेले असते व ते निर्जंतुक पायसाच्या रूपातच वापरता येते. दोहोंची गल्लत होता कामा नये.

६. चाचण्यांचा पुरावा

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर मत्स्यतेलयुक्त आणि मत्स्यतेलविरहित पोषणाची तुलना करणाऱ्या अनेक लहान-मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. त्यांचे एकत्रित विश्लेषण प्राडेली आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले. शस्त्रक्रिया झालेल्या व अतिदक्षता विभागातील रुग्णांसह रुग्णालयातील प्रौढांवरील ४९ यादृच्छिक चाचण्यांचा त्यात समावेश होता. त्यातील प्रमुख निष्कर्ष पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) मत्स्यतेल मिळालेल्या गटात जंतुसंसर्गाचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला.

(आ) रुग्णालयातील मुक्काम सरासरी सुमारे दोन दिवसांनी घटला. अतिदक्षता विभागातील मुक्कामही जवळपास तेवढाच घटला.

(इ) मृत्यूचे प्रमाण काहीसे कमी दिसले. परंतु हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थ नव्हता.

हे आकडे उत्साहवर्धक असले तरी त्यांचा अर्थ लावताना काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे यांतील अनेक चाचण्या लहान आहेत. लहान चाचण्या एकत्र केल्याने संख्या वाढते, पण त्यांतील उणिवा नाहीशा होत नाहीत. दुसरी, तुलनेसाठी वापरलेले तेल सर्वत्र सारखे नव्हते. त्यामुळे दिसणारा लाभ मत्स्यतेल दिल्याचा की सोयाबीन तेल कमी केल्याचा, हा प्रश्न शिल्लक राहतो. तिसरी, या क्षेत्रातील बऱ्याच संशोधनास पायसे बनविणाऱ्या कंपन्यांचे अर्थसाहाय्य लाभले आहे. त्यामुळे निष्कर्ष आपोआप चुकीचे ठरत नाहीत, मात्र स्वतंत्र पडताळणीची गरज वाढते.

तज्ज्ञ संस्थांच्या शिफारशींतही एकवाक्यता नाही. युरोपियन सोसायटी फॉर क्लिनिकल न्यूट्रिशन अँड मेटाबोलिझम या संस्थेच्या शस्त्रक्रियाविषयक मार्गदर्शक सूचना ओमेगा-३ युक्त शिरेवाटे पोषणाचा विचार करावा असे म्हणतात, परंतु ज्यांना आतड्यावाटे पुरेसे पोषण देता येत नाही अशाच रुग्णांपुरता. याउलट अमेरिकन सोसायटी फॉर पॅरेंटरल अँड एंटरल न्यूट्रिशन या संस्थेने अत्यवस्थ प्रौढांसाठीच्या २०२२ च्या सूचनांत सोयाबीन तेल किंवा मिश्र तेल यांपैकी कोणतेही वापरता येईल असे म्हटले आहे. समोर असलेला पुरावा बव्हंशी समान असूनही दोन संस्थांनी त्याला दिलेले वजन भिन्न आहे.

७. कोणाला, किती आणि केव्हा

मत्स्यतेल हवे की नको हा प्रश्न दुय्यम आहे. त्याआधी रुग्णाला शिरेवाटे पोषणाची गरज आहे का, हे ठरवावे लागते. डेन्मार्कमधील हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या, शस्त्रक्रियेनंतर लवकर चालविणे व लवकर खाऊ घालणे या विचारामुळे आज अनेक रुग्णांना एक-दोन दिवसांतच तोंडाने आहार सुरू करता येतो. अशांना शिरेवाटे पोषण देणे अनावश्यक तर आहेच, शिवाय मोठ्या शिरेतील नळीमुळे जंतुसंसर्गाचा धोका ओढवून घेण्यासारखे आहे. आतड्याला छिद्र पडून सतत पाझर होणे, दीर्घकाळ आतड्याची हालचाल बंद पडणे, आतड्याचा अडथळा किंवा आतड्याचा मोठा भाग काढून टाकणे अशा रुग्णांतच हा मार्ग खऱ्या अर्थाने आवश्यक ठरतो.

मात्रेचा अंदाज येण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. युरोपीय संस्थेच्या २०१९ च्या अतिदक्षताविषयक सूचनांनुसार मत्स्यतेलाची मात्रा दररोज प्रति किलो वजनास ०.१ ते ०.२ ग्रॅम असावी. ६० किलो वजनाच्या रुग्णासाठी ही मात्रा ६ ते १२ ग्रॅम होते. अशा रुग्णास वर उल्लेखिलेले वीस टक्के मिश्र पायस ३०० मिलिलिटर दिल्यास एकूण ६० ग्रॅम स्निग्ध पदार्थ व सुमारे ६०० किलोकॅलरी मिळतात. त्या ६० ग्रॅमपैकी ९ ग्रॅम मत्स्यतेल असते, म्हणजेच मात्रा शिफारशीच्या मर्यादेत राहते. एकूण स्निग्धांची मात्रा प्रति किलो १.५ ग्रॅमपेक्षा अधिक होऊ न देणे आणि रक्तातील ट्रायग्लिसराइडचे प्रमाण वेळोवेळी तपासणे अगत्याचे असते.

या हिशेबात एक बाब सहज निसटते. अतिदक्षता विभागात गुंगीसाठी वापरले जाणारे प्रोपोफॉल हे औषध सामान्यतः सोयाबीन तेलाच्या दहा टक्के पायसातच मिसळलेले असते आणि त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमधून १.१ किलोकॅलरी मिळते. ते दीर्घकाळ चालू असल्यास पोषणातून कमी केलेले ओमेगा-६ औषधाच्या वाटेने पुन्हा शरीरात जाते. त्यामुळे आहाराच्या हिशेबात त्याचीही गणना करावी लागते.

शिरेवाटेच का, असाही प्रश्न विचारला जाऊ शकतो. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांतून ईपीए व डीएचए मिळतात हे खरे. पण आहारातून घेतल्यास पेशींच्या आवरणात त्यांचे प्रमाण पुरेसे वाढण्यास काही आठवडे लागतात. शिरेवाटे दिल्यास हाच बदल काही दिवसांत दिसू लागतो. जवसातील ओमेगा-३ मेदाम्लाचे शरीरात ईपीएमध्ये रूपांतर अल्प प्रमाणातच होते. म्हणून जवस हा शस्त्ररुग्णासाठी मत्स्यतेलाचा पर्याय ठरत नाही.

८. मर्यादा आणि संमतीचा प्रश्न

मासे किंवा अंडी यांची ॲलर्जी असलेल्या रुग्णांना ही पायसे देता येत नाहीत. मत्स्यतेलामुळे रक्तस्राव वाढेल अशी भीती व्यक्त केली जाते. नेहमीच्या मात्रेत तसे ठळकपणे आढळलेले नाही, तरी रक्त गोठण्याचा दोष असलेल्या रुग्णांत सावधगिरी आवश्यक आहे. अनेक दुहेरी बंधांमुळे हे तेल लवकर खवट होऊ शकते. म्हणून त्यात ई जीवनसत्त्व मिसळावे लागते. शुद्ध मत्स्यतेलात लिनोलेइक आम्ल फारच थोडे असल्याने प्रौढांत ते सामान्यतः अन्य तेलांच्या जोडीने वापरले जाते.

महाराष्ट्रासारख्या प्रदेशात आणखी एक बाजू विचारात घ्यावी लागते. वारकरी, जैन आणि अन्य अनेक कुटुंबांत मांसाहार वर्ज्य असतो. मत्स्यतेलाचे नाव ऐकून त्यांच्या मनात संकोच निर्माण होणे स्वाभाविक आहे. पण केवळ सोयाबीन तेलाचे म्हणून ओळखले जाणारे पायसही सर्वसाधारणपणे अंड्यातील फॉस्फोलिपिडवरच आधारलेले असते, ही माहिती फारच थोड्यांना असते. रुग्णाच्या शिरेत काय जात आहे हे त्याला व त्याच्या कुटुंबीयांना समजेल अशा भाषेत सांगणे हा वैद्यकीय नीतीचा भाग आहे. पूर्ण माहिती मिळाल्यावर कोणी होकार देईल, कोणी नकार देईल. दोन्ही निर्णयांचा मान राखला गेला पाहिजे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) शिरेवाटे पोषणातील तेल हे केवळ इंधन नसून दाहप्रक्रियेवर परिणाम करणारा घटक आहे.

२) मत्स्यतेलयुक्त पोषणामुळे जंतुसंसर्ग व रुग्णालयातील मुक्काम कमी होण्याची शक्यता बऱ्यापैकी पुराव्याने समर्थित आहे, मृत्यू टळतात असे मात्र निश्चितपणे म्हणता येत नाही.

३) आतडे कार्यक्षम असलेल्या रुग्णास तोंडाने किंवा नळीने दिलेले अन्न हेच श्रेष्ठ होय, मत्स्यतेल हे शिरेवाटे पोषण सुरू करण्याचे कारण होऊ शकत नाही.

४) मोठ्या आणि स्वतंत्र अर्थसाहाय्यावर चालणाऱ्या चाचण्यांची गरज अद्याप कायम आहे.

डड्रिक यांच्या प्रयोगापासून आजपर्यंत या शास्त्राने रुग्णाला जगविण्यापासून त्याला लवकर बरे करण्यापर्यंतचा प्रवास केला आहे. पहिल्या टप्प्यात शिरेतून अन्न देता येते का, एवढाच प्रश्न होता. आता कोणत्या रुग्णाला, कोणते अन्न आणि किती दिवस, हा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर प्रत्येक रुग्णाची आतडी, त्याचे पोषण आणि त्याची संमती पाहूनच द्यावे लागते.